आमच्याकडे तो जरा कमीच जगतो

तळघरातल्या त्या खोलीला खिडकी नव्हती, म्हणून आत्याने तिथे दोन खिडक्या करून घेतल्या होत्या.

टेबलावर दोन काळ्या नळ्या आडव्या ठेवलेल्या असत, समोरासमोर, तोंडाला तोंड. प्रत्येक नळीच्या तोंडाशी पारदर्शक प्लास्टिकचा एक ठोकळा, वरून पांढऱ्या पट्टीत आणि मग काळ्या कागदात गुंडाळलेला. एका नळीवर आत्याने चिकटपट्टी लावून जाड अक्षरांत ‘जन्म’ लिहिलं होतं, दुसरीवर ‘मृत्यू’. पाहुणे वाचून हसायचे. आत्या म्हणायची, “नोंदणी कार्यालयात असतात ना, तशाच खिडक्या. फक्त इथली रांग लांब आहे आणि कारकून डुलक्या काढत नाहीत.”

नोंद व्हायची ती पॉझिट्रॉनची. दोन्ही नळ्यांच्या मधोमध, धातूच्या दोन चकत्यांमध्ये दाबून, एका पातळ पापुद्र्यात सीलबंद केलेला मिठाचा डाग असे. त्या मिठातलं सोडियम साधं नव्हतं. ते अधूनमधून एक पॉझिट्रॉन बाहेर टाकी, आणि टाकताना गॅमा किरणाची एक झळकही सोडी. ती जन्माची वर्दी. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा उलट्या प्रकृतीचा भाऊ. तो धातूत शिरतो, आणि तिथे तर इलेक्ट्रॉनांची दाटी. एकाची गाठ पडली की दोघंही नाहीसे होतात, आणि मागे पुन्हा किरण उरतात. ती मरणाची वर्दी. दोन वर्द्यांच्या मधलं अंतर म्हणजे त्याचं आयुष्य. सेकंदाचे अब्ज तुकडे करावेत, त्यातला एक उचलावा आणि त्याच्याही पाचव्या हिश्श्यात सगळं उरकावं, एवढं.

पण धातूत एखादा अणू असायला हवा तिथे नसला, रिकामी जागा असली, तर पॉझिट्रॉन तिथे जाऊन बसतो. आजूबाजूला इलेक्ट्रॉन कमी, म्हणून थोडा जास्त जगतो. म्हणजे या चिमुकल्या आयुष्यांवरून धातूच्या पोटात किती पोकळ्या आहेत ते कळतं. तडा जाण्याच्या कितीतरी आधी.

आत्याने यावर कितीतरी वर्षं घालवली होती, आणि तिचा एक ठरलेला विनोद होता. कपाटात एका डबीत अतिशय शुद्ध, नीट तापवून सावकाश थंड केलेल्या धातूच्या दोन चकत्या होत्या. त्यांत पोकळ्या जवळजवळ नाहीत, त्यामुळे पॉझिट्रॉनचं आयुष्य एकच आणि पुस्तकात छापलेलं. त्यांना मिळून सगळे ‘शहाणा तुकडा’ म्हणत. यंत्राची तब्येत बघायची असली की तो लावायचा. आणि गंमत अशी, की शहाण्या तुकड्यातलं आयुष्य पुस्तकातल्या आकड्यापेक्षा नेहमी केसभर कमी यायचं. मोजमापाच्या चुकीत खपून जाईल इतकंच.

“आमच्याकडे तो जरा कमीच जगतो,” आत्या म्हणायची. “तळघराची हवा मानवत नाही त्याला.”

ती अख्ख्या इमारतीची आत्या नव्हती. एकीचीच होती. तिची सख्खी भाची डॉक्टरेट करायला त्याच संस्थेत आली, पहिल्याच दिवशी जिन्यातून “आत्या, तुझी किल्ली!” म्हणून ओरडली, आणि संध्याकाळपर्यंत विभागप्रमुखही तिला आत्या म्हणू लागले. तोवर तिला ‘मॅडम’ म्हणत. ‘मॅडम’ कुठे गेली कुणी विचारलं नाही, आत्यानेही नाही.

घरी मात्र तिचं नाव वेगळंच होतं. तिचा थोरला भाऊ तिला ‘मध्येकिती’ म्हणे. लहानपणी ती दिव्याच्या बटणापाशी उभी राहायची. बटण दाबायची, दिवा लागायचा, आणि ती विचारायची, “दोन्हींच्या मध्ये किती?”

“मध्ये काही नसतं,” भाऊ म्हणायचा.

“असतंच. तुला दिसत नाही.”

मग ती डोळे मिटून बटण दाबी, एकदम उघडी, पुन्हा मिटी. आई येऊन दोघांना हाकलून देईपर्यंत हे चाले. इतर मुलांना अंधाराची भीती वाटे. तिला वेगळीच शंका होती: आपल्याला जे दिसतं ते थोडं आधीच होऊन गेलेलं असतं, आणि मधल्या त्या फटीत काय चालतं ते कुणालाच ठाऊक नसतं. ती शंका घेऊन ती मोठी झाली, शिकली, आणि तिला त्याच शंकेचा पगार मिळू लागला.

भाऊ चष्म्याच्या धंद्यात पडला. रस्त्याच्या वळणावर त्याचं दुकान होतं, आणि दुकानावर दोन मजले. पहिल्या मजल्यावर तो, वहिनी आणि मुलगी. वरच्यावर आत्या, एकटी, पण जेवायला खाली. त्याचं म्हणणं असं की खरं काम आपलंच. “ही जे दिसत नाही ते मोजते. मी जे दिसतं ते नीट दाखवतो. गिऱ्हाईक कुणाकडे जास्त?”

“तुझ्याकडे, दादा,” आत्या म्हणे. “माझी गिऱ्हाइकं दुकानात शिरेपर्यंत मरतात.”

आता भाचीविषयी. तिने एका मिश्रधातूच्या चकत्या केल्या होत्या. तापवायच्या, पटकन थंड करायच्या, मग आत काय पोकळ्या उरल्या ते आत्याच्या यंत्रावर बघायचं. पोकळ्यांतलं लांब आयुष्य मिळेल हे अपेक्षित होतं, तसं ते मिळालंही. पण त्याशिवाय तिला आणखी एक आयुष्य दिसलं, फार आखूड, कुठल्याच पुस्तकात न बसणारं. ते खरं असेल तर या धातूत अणू कधी नव्हे इतके दाटून बसलेत असा त्याचा अर्थ होता, आणि असं कुणी अजून म्हटलं नव्हतं. तिच्या प्रबंधाचं सगळ्यात मोठं प्रकरण त्या आखूड आयुष्यावर उभं होतं. तिची तीन वर्षं त्यावर उभी होती.

बाहेरच्या परीक्षकांनी कच्चा प्रबंध वाचून एकच प्रश्न विचारला. तुमच्या यंत्राचं रेझोल्यूशन इतकं जाड असताना, इतकं आखूड आयुष्य तुम्ही वेगळं कसं ओळखलं?

प्रश्न रास्त होता. कोबाल्टचा एक डाग ठेवला की तो दोन किरण जवळजवळ एकाच क्षणी सोडतो. त्यांच्या मध्ये काही नाही. चांगल्या यंत्राने तिथे एक सरळ बारीक रेघ काढायला हवी. आत्याचं यंत्र काढी डोंगर. म्हणजे कधी ‘जन्म’ची खिडकी क्षणभर उशिरा जागी होई, कधी ‘मृत्यू’ची. त्या डोंगराची रुंदी म्हणजे रेझोल्यूशन, यंत्राच्या हाताची थरथर. ज्याचा हात इतका थरथरतो त्याने इतकी बारीक रेघ बघितली म्हणणं, हे परीक्षकांच्या गळी उतरेना.

“आत्या, आता?” भाचीने विचारलं.

“आता काय. हात स्थिर करू,” आत्या म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. हा प्रश्न कुणीतरी विचारावा याची ती वाट बघत होती असं भाचीला वाटलं, आणि थोडा रागही आला.

तो उन्हाळा दोघींनी तळघरात काढला. प्लास्टिकचे ठोकळे मोठे होते. किरण आत शिरला की ठोकळा झळकतो, पण त्या झळकेतला प्रकाश मोठ्या ठोकळ्यात भिंतींवर आपटत हिंडतो आणि नळीच्या दाराशी उशिरा पोचतो. म्हणून ठोकळे कापून आखूड केले. कापलेल्या बाजू घासायला भावाच्या दुकानातून चष्म्याच्या काचांना झिलई देण्याची पावडर आणि मऊ कापड आणलं.

“हे परत येणार आहे का?” भावाने विचारलं.

“पावडर परत येत असते का, दादा?”

“तुझ्याकडे काहीच परत येत नाही. बटणापाशी उभी राहायचीस तेव्हापासून बघतोय.”

ठोकळ्यांना, प्लंबर नळाच्या आट्यांवर लावतो ती पांढरी पट्टी गुंडाळली, तिच्याइतकं शुभ्र आणि गुळगुळीत दुसरं काही मिळत नाही. ठोकळा आणि नळी यांच्यामध्ये पारदर्शक ग्रीस लावलं, आणि बुडबुडा राहिला म्हणून पुसून पुन्हा लावलं, आणि पुन्हा. एक दिवस भाची म्हणाली, “आत्या, लग्नात मेंदी काढणारीसुद्धा इतका वेळ घेत नाही.” आत्या म्हणाली, “तिथे बुडबुडा कोण बघतं.”

मग सिग्नल नेमका आला कधी म्हणायचं, हा वाद. मोठा सिग्नल आणि छोटा सिग्नल एकाच वेळी निघाले, तरी ठरावीक उंचीची खूण मोठा आधी ओलांडतो. उंच माणूस दाराची कडी आधी गाठतो तसं. म्हणून प्रत्येकाने स्वतःच्या खांद्याइतकी उंची गाठली की आला म्हणायचं. हा खांदा नेमका कुठे, ते ठरवण्यात एक आठवडा गेला. कोबाल्टचा डोंगर रोज थोडा निमुळता होत होता.

एक अडचण राहिली. ठोकळे आखूड झाल्यामुळे नोंदी कमी मिळू लागल्या. एका चकतीला जिथे दिवस पुरे, तिथे आता चार लागत. आत्याने सोपा उपाय केला. दोन्ही नळ्या आत सरकवल्या, चकत्यांच्या अगदी नाकाशी. नोंदी भरभरून येऊ लागल्या. कोबाल्ट लावून बघितला. डोंगर बारीकच. कोबाल्ट म्हणाला, ठीक आहे.

भाचीची चकती लावली, आणि आखूड आयुष्य आधीपेक्षा ठसठशीत दिसलं. धूसर काच पुसल्यावर पलीकडचं झाड दिसावं तसं.

“बघ!” भाची म्हणाली. तिने आत्याला मिठी मारली, तिचा चष्मा वाकडा झाला, आणि त्याचा एक स्क्रू कुठेतरी टेबलाखाली गेला. दोघी गुडघ्यांवर बसून शोधत राहिल्या आणि हसत राहिल्या. स्क्रू मिळाला नाही. त्या दिवशी वहिनीने जेवताना दोघींच्या चेहऱ्यांकडे बघून विचारलं, “काय, देव भेटला की काय तळघरात?”

“देव नाही, आई. त्याचा हिशेब.”

प्रबंधाचं मोठं प्रकरण पक्कं झालं. परीक्षेची तारीख पडली.

दुसऱ्या दिवशी आत्याने सवयीप्रमाणे शहाणा तुकडा लावला. यंत्रात काही बदललं की तो लावायचाच, हा तिचा नेम. आकडा आला. पुस्तकापेक्षा कमी. नेहमीसारखाच, असं म्हणून ती पुढे जाणार होती, पण थांबली. आधी यंत्राचा हात थरथरत होता, त्यामुळे केसभर कमी-जास्त म्हणजे काहीच नव्हे असं म्हणता येई. आता हात स्थिर झाला होता. आता केसभर म्हणजे खरोखर केसभर होतं. आणि आता तर दोन केस होते.

तिने पुन्हा मोजलं. तेच.

तिचा विनोद तिच्याकडे बघत होता. इतकी वर्षं ती सगळ्यांना सांगत आली होती की आमच्याकडे तो कमी जगतो, आणि सगळे हसत आले होते, आणि कुणी विचारलं नव्हतं, का?

चष्मा वाकडाच होता. दुपारी ती भावाच्या दुकानात गेली. आत एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यामुळे ती काउंटरपाशी उभी राहिली. भाऊ तिचा चष्मा हातात घेऊन बारीक स्क्रूड्रायव्हर शोधू लागला, आणि हळू आवाजात म्हणाला, “एक ऐकशील?”

“काय?”

“पोरगी काल पहिल्यांदा पोटभर जेवली. कितीतरी दिवसांनी. आता ती परीक्षा होईपर्यंत त्या यंत्राला हात लावू नकोस.”

“दादा, ते यंत्र आहे, झोपलेलं बाळ नाही.”

“मला तू ठाऊक आहेस ना. तू बटण दाबत बसशील. दाबू नकोस. महिन्याभराने वाटेल ते कर.”

तिने मान हलवली. भावाने स्क्रू बसवला, आणि मग म्हाताऱ्यांकडे वळला. त्यांची तक्रार होती की घरातल्या भिंतीवर एक काळा ठिपका आहे. सून म्हणते नाही. दोनदा भिंत पुसून घेतली तरी आहेच.

भाऊ म्हणाला, “काका, एक करा. डोळा हलवा. ठिपका डोळ्याबरोबर सरकला तर तो डोळ्यात आहे. जागेवर राहिला तर भिंतीवर. मग सुनेशी भांडा.”

म्हाताऱ्यांनी समोरच्या भिंतीवर नजर लावली, डावीकडे नेली, उजवीकडे नेली. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

आत्या चष्मा न घालताच दुकानाबाहेर पडली. भाऊ मागून ओरडला, “अगं मध्येकिती, चष्मा!” ती परत आली, चष्मा घेतला, आणि पुन्हा निघाली, जवळजवळ पळतच.

तिने यंत्राला हात लावला. फार नाही. दोन्ही नळ्या चार-चार बोटं मागे ओढल्या. बस्स. भाचीची चकती पुन्हा लावली. नोंदी कमी येत होत्या, म्हणून वाट बघावी लागली. ती रोज सकाळी येऊन पडद्याकडे बघे आणि काही न करता निघून जाई. पुरेशा नोंदी झाल्यावर तिने हिशेब मांडला. आखूड आयुष्याचा वाटा जवळजवळ अर्ध्यावर आला होता. शहाणा तुकडा लावला. त्याचं आयुष्य पुस्तकाच्या दिशेने एक केस सरकलं होतं.

ती स्टुलावर बसून राहिली. धातू तोच. पोकळ्या त्याच. नळ्या फक्त मागे ओढलेल्या.

भाचीला तिने जिन्यात गाठलं. भाचीच्या हातात छापून आणलेल्या प्रबंधाची जाड चळत होती.

“एक विचारू?” आत्या म्हणाली. “धातूला काय माहीत, आपण किती लांब बसलोय?”

भाची थांबली. “म्हणजे?”

आत्याने सांगितलं.

भाचीने चळत कठड्यावर टेकवली. मग म्हणाली, “तू बाबांना कबूल केलं होतंस.”

“मी मान हलवली होती.”

“मान हलवणं म्हणजे कबूलच असतं, आत्या! सगळ्या जगात असतं! फक्त तुझ्याकडे नसतं!” तिचा आवाज जिन्यात घुमला. वर कुणीतरी दार बंद केलं. “महिनाभर. एक महिना तुला राहवलं नाही. आखूड आहे म्हणून तुलाच किती आनंद झाला होता, आठवतं?”

“आठवतं.”

“मग कशाला बघितलंस?”

या प्रश्नाला आत्याकडे उत्तर होतं, पण ते तिच्या लहानपणापासूनचं होतं आणि जिन्यात सांगण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, “मी कुणाला सांगणार नाही. तुझं प्रकरण आहे. तू सांगशील ते.”

“हे जास्त वाईट आहे,” भाची म्हणाली, आणि चळत छातीशी धरून वर निघून गेली.

दोन दिवस भाची तळघरात आली नाही. खालच्या मजल्यावर जेवताना ताटांचाच आवाज. भाऊ बहिणीकडे न बघता वाढून घेई. वहिनी आत्याला स्वयंपाकघरात म्हणाली, “नेमकं काय बिनसलंय ते मला कळत नाही. पण ती काल खोलीत एकटीच कागदावर दोन गोल काढत होती. मध्ये एक ठिपका. दोन गोल, एक ठिपका. पुन्हा दोन गोल.”

आत्याने ताट धुता धुता विचारलं, “समोरासमोर?”

“काय समोरासमोर?”

“गोल.”

वहिनीने तिच्याकडे असं बघितलं, जसं लोक चालत्या गाडीतून उतरणाऱ्याकडे बघतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या खोलीत शिरली तेव्हा दिवा आधीच लागलेला होता. भाची टेबलापाशी उभी. दोन्ही नळ्या तिने आत ढकलल्या होत्या, पूर्वीपेक्षाही आत, चकत्यांना टेकतील इतक्या. काल संध्याकाळपासून नोंदी चालू होत्या.

“मला वाटलं वाढणार नाही,” भाची म्हणाली. “मी म्हटलं, आत्याचं काहीतरी चुकलं असेल. मागे ओढताना ग्रीस सरकलं असेल. आत ढकलून बघते, वाढणार नाही, आणि मग मी तुझ्याशी आयुष्यभर बोलणार नाही.”

“वाढलं?”

“तूच बघ.”

आत्याने बघितलं. आखूड आयुष्याचा वाटा फुगला होता. त्यात आता शंकेला जागा नव्हती. ते धातूत नव्हतं, नळ्या किती जवळ बसवल्या यात होतं.

“कुठून येतंय पण?” आत्या म्हणाली. तिच्या आवाजात दुःख नव्हतं. तिला ते लपवताही आलं नाही. भाचीने मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि एक क्षण तिचा संताप परत उसळला. मग तिच्या लक्षात आलं की आपणही दोन दिवस तेच विचारत होतो.

“कोबाल्ट सगळं ठीक म्हणतो,” भाची म्हणाली. “मग सोडियममध्ये असं काय आहे, जे कोबाल्टमध्ये नाही?”

“पॉझिट्रॉन.”

“आणि पॉझिट्रॉन मेला की?”

“वर्दी निघते.”

“एक नाही, आत्या. दोन निघतात. जुळ्या. पाठीला पाठ लावून, एक इकडे, एक बरोबर उलट तिकडे. एक ‘मृत्यू’च्या खिडकीत आली. दुसरी कुठे गेली?”

आत्याने ‘मृत्यू’च्या नळीवर बोट ठेवलं, आणि तिथून सरळ रेषेत, चकत्यांवरून, हवेतून पलीकडे नेलं. बोट ‘जन्म’ या शब्दावर जाऊन टेकलं.

खोलीतला पंखा फिरत होता.

“म्हणजे जन्माचा कारकून,” आत्या सावकाश म्हणाली, “जन्माची बातमी लिहायला घेतो, आणि तेवढ्यात मागून मरणाची बातमी त्याच खिडकीत येऊन धडकते. त्याला दोन वेगळ्या कळत नाहीत. दोन्ही मिळून एकच मोठी समजतो. आणि जन्माची वेळ थोडी उशिराची लिहितो.”

“जन्म उशिरा लिहिला की आयुष्य आखूड.”

“आणि आपण जितके जवळ, तितकी धडक जास्त.”

“आणि ठोकळे आखूड केले म्हणून आपण जवळ सरकलो. यंत्र सुधारलं आणि खोटं जास्त चांगलं दिसायला लागलं.” भाची हसली. चांगलं हसू नव्हतं, पण हसू होतं.

आत्या आपल्या दोन नळ्यांकडे बघत राहिली. समोरासमोर तिनेच बसवल्या होत्या, ही खोली मिळाली तेव्हा. नोंदी जास्त मिळतात म्हणून, आणि खरं सांगायचं तर तसं दिसायला बरं वाटतं म्हणूनही. जन्म आणि मृत्यू एकमेकांच्या डोळ्यांत बघताहेत. आणि त्या दिवसापासून तिच्याकडे तो केसभर कमी जगत आला होता.

फिटरला बोलावून त्यांनी टेबलाला नवी भोकं पाडून घेतली. फिटर म्हणाला, “समोर काय वाईट होतं?” आत्या म्हणाली, “समोर बसून चुगल्या चालल्या होत्या.” आता नळ्या काटकोनात बसल्या, आणि मध्ये शिशाची एक वीट उभी केली. एक जुळी ‘मृत्यू’कडे गेली, तर दुसरी आता भिंतीकडे जाई, जिथे तिची नोंद घ्यायला कुणी नव्हतं.

शहाणा तुकडा लावला. नोंदी संथपणे जमत गेल्या. आकडा आला तो पुस्तकातला. केसाचाही फरक नाही. भाची “वा!” म्हणाली. आत्याने तुकडा काढून डबीत ठेवला. तिचा इतक्या वर्षांचा विनोद गेला होता.

भाचीने परीक्षकांना फोन केला तेव्हा आत्या खोलीबाहेर जायला निघाली. भाचीने हातानेच थांबवलं. तिने सगळं सांगितलं, जुळ्या वर्द्यांसकट. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, “मग त्या प्रकरणात आता राहिलं काय?”

“काही नाही, सर. ते काढून टाकते. सगळ्या चकत्या पुन्हा मोजते.”

“म्हणजे तारीख...”

“हो. तारीखही.”

फोन ठेवल्यावर ती टेबलाची कड धरून उभी राहिली. आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. तिला ते कधी जमलं नव्हतं. तिने नवी चिकटपट्टी काढली आणि भाचीपुढे धरली. “जुनी निघालीय. तू लिही.”

भाचीने दोन्ही शब्द पुन्हा लिहिले. तिचं अक्षर आत्यापेक्षा बारीक होतं.

भाऊ त्या तळघरात कधीच आला नव्हता. त्या दुपारी आला. दुकान बंद करून, जिना उतरून, दारात उभा राहिला, आणि आधी बहिणीला बोलायला तोंड उघडलं. मग त्याची नजर मुलीवर गेली. ती चिमट्याने आपली पहिली चकती जागेवर बसवत होती, श्वास धरून.

“म्हणजे अजून किती?” त्याने विचारलं.

“सहा महिने तरी,” मुलगी म्हणाली.

“आणि ते जे सापडलं होतं तुला...”

“नव्हतं, बाबा. आमच्यातच होतं. धातूत नव्हतं.”

त्याने नळ्यांकडे बघितलं, विटेकडे बघितलं, मग आत्याकडे. “म्हणजे ठिपका डोळ्यात होता.”

“तूच तर सांगितलंस, डोळा हलवून बघा म्हणून.”

“मी त्या म्हाताऱ्यांना सांगितलं!” भाऊ ओरडला. “तुला सांगितलं होतं, हात लावू नकोस!”

“दोन्ही ऐकलं,” आत्या म्हणाली. “एक आधी कानात शिरलं, एक नंतर. नंतरचं राहिलं.”

भाचीने चिमटा ठेवला आणि नोंदी चालू केल्या. पडद्यावर आधी काहीच नव्हतं. मग एक ठिपका आला. मग बऱ्याच दूर दुसरा. हळूहळू ते विरळ ठिपके पडू लागले, कुठेही, कशाचाही आकार नसलेले. या धातूत खरोखर काय आहे ते आता पहिल्यांदाच मोजलं जात होतं, आणि अजून कुणालाच माहीत नव्हतं.

भाऊ खिशातून चष्मा काढून पडद्याशी वाकला. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काच धरून विचारतो त्याच आवाजात त्याने विचारलं, “किती दिसतात? एक की दोन?”

“अजून सांगता येत नाही, बाबा. बसा.”

तो क्षणभर तसाच वाकलेला राहिला. मग त्याने पायाने स्टूल ओढलं आणि बसला.